निमंत्रण आणि वाट



२०२४ साली आपल्याकडे आधी लोकसभेची आणि मग विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी मतदान केंद्रांवर काय काय सोयी होत्या, ते जरा आठवा. केंद्र शक्यतो तळमजल्यावर. दारात उतार, आणि बांधीव नसेल तर फळ्यांचा तात्पुरता. चाकाची खुर्ची, ती ढकलायला स्वयंसेवक. मतदान यंत्रावर ब्रेल लिपीतले आकडे. ज्यांचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना घरून मत देण्याची मुभा. हे सगळं त्याच शाळांमध्ये आणि समाजमंदिरांमध्ये झालं, जिथे एरवी आपल्या सभा, स्पर्धा आणि हळदीकुंकवाचे कार्यक्रम होतात. मतदान संपलं, फळ्या उचलल्या गेल्या आणि पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या. म्हणजे आपल्याला हे जमत नाही, असं नाही. त्या दिवशी प्रत्येक माणूस मोजला जाणार होता, म्हणून जमलं. तो रोजच मोजला जावा, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त. राज्याच्या तेव्हाच्या लोकसंख्येशी हा आकडा ताडून पाहिला, तर पन्नास हजार वस्तीच्या गावात तेराशे माणसं होतात. ही तेराशे माणसं कुठे आहेत? भाजी बाजारात, नाटकाला, कीर्तनाला, सोसायटीच्या सभेला त्यातली किती दिसतात? ती गाव सोडून गेलेली नाहीत. ती घरात आहेत. आणि त्यांना कुणी बंदी केली म्हणून ती घरात नाहीत, तर बाहेर पडायचं म्हटलं की जे सोसावं लागतं, ते पुन्हा पुन्हा सोसणं नको म्हणून आहेत.

माझ्या परिचयातल्या एक बाई चाकाची खुर्ची वापरतात. सख्ख्या भाचीचं लग्न होतं. कार्यालयाला दारातच आठ-दहा पायऱ्या. घरचे प्रेमळ, चार तरुण पुढे झाले, खुर्चीसकट मावशींना वर नेलं. बघणाऱ्यांना बरं वाटलं. पण मावशींनी त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, त्यांना पाठ दुखू लागली म्हणून निघायचं होतं. पण ते चार तरुण वरातीच्या तयारीत होते, आणि त्यांना बोलवायचं कसं, या संकोचात त्या आणखी दोन तास बसून राहिल्या. पुढच्या लग्नाला त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. ज्याला उचलून न्यावं लागतं, त्याला कधी यायचं आणि कधी उठायचं, हे स्वतः ठरवता येत नाही. आपण माया केली, पण त्यांचं स्वातंत्र्य आपल्या सवडीवर टांगून ठेवलं.

आता उताराविषयी थोडं बारकाईनं बोलतो, कारण इथे चांगल्या मनाची माणसंसुद्धा चुकतात. नियम सोपा आहे : एक फूट उंची चढायची असेल, तर उताराची लांबी किमान बारा फूट हवी. दारातल्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट भरल्या, तर अठरा फूट. आपल्याकडे त्याच दीड फुटासाठी चार-पाच फुटांचा उतार बांधतात. त्यावरून खुर्ची चढत नाही, आणि उतरताना माणूस पुढे तोंडावर पडतो. वर गुळगुळीत फरशी, कठडा नाही, उतार संपतो तिथे उघडं गटार, आणि मधोमध कुणाची तरी दुचाकी लावलेली. कागदावर सोय झालेली असते, वापरता मात्र कुणालाच येत नाही. बांधण्यापूर्वी गावातल्या खुर्ची वापरणाऱ्या एका माणसाला बोलावून विचारलं असतं, तर तेवढ्याच सिमेंटमध्ये काम नीट झालं असतं.

हा उपकाराचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते आता एकवीस झाले. या कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, ती मुद्दाम वाचावी अशी आहे. सरकारी असो वा खासगी, जिथे सर्वसाधारण लोक येतात-जातात ती सार्वजनिक इमारत. त्यात शिक्षण, व्यापार, धर्म, संस्कृती, करमणूक सगळं आलं. म्हणजे मंगल कार्यालय, नाट्यगृह, वाचनालय, देऊळ, सगळ्यांनाच या कायद्यातले सुगम्यतेचे निकष लागू आहेत. जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतूडी यांच्या प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की हे निकष नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत.

पण सगळ्या पायऱ्या दगडाच्या नसतात. ज्या घरात मतिमंद किंवा स्वमग्न मूल आहे, त्या घरातल्या आईचा विचार करा. मूल मध्येच ओरडतं, ताटातलं हातानं ओढतं, लाउडस्पीकरच्या आवाजानं घाबरून जमिनीवर लोळतं. चार माना वळतात. कुणी एक शब्द बोलत नाही, पण त्या माना वळणंच त्या माउलीला पुरेसं असतं. मग ती लग्नाला नवऱ्याला पाठवते आणि स्वतः मुलाजवळ थांबते. अशी वर्षं जातात. मूल घरात अडकतं, त्याच्याबरोबर आईही. अपंगत्व एकाला असतं, शिक्षा दोघांना होते. अशा घरी निमंत्रणाला जाल तेव्हा मुलाचं नाव घेऊन सांगा, ‘त्यालाही घेऊन या, मागच्या बाजूला शांत खोली ठेवली आहे.’ खोलीला खर्च येत नाही.

आपलं बोलणंही तपासू या. अंध माणूस मित्राबरोबर घरी येतो आणि आपण मित्राला विचारतो, ‘यांना चहा चालतो का?’ तो समोर बसलेला असतो, ऐकू येत असतं, चहा त्यालाच प्यायचा असतो. त्याला विचारा. रस्ता ओलांडताना त्याचं मनगट धरून ओढू नका. विचारा, आणि आपलं कोपर त्याला धरू द्या. कमी ऐकू येणाऱ्याशी समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बोला. ‘जाऊ दे, नंतर सांगतो’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं, आणि ते ‘नंतर’ क्वचितच येतं.

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, आपण सत्कार करतो. शाल, श्रीफळ, तीनचाकी सायकलींचं वाटप, छायाचित्र. सत्काराला माझा विरोध नाही, पण सत्कारमूर्तीला आपण कामावर घेतो का, कार्यकारिणीत घेतो का? उल्हासनगरची प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा दिसत नाही या कारणानं तिला रेल्वेच्या लेखा सेवेतलं पद नाकारण्यात आलं. तिनं पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला, आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. सगळे तिच्या जिद्दीचं कौतुक करतात. मला वाटतं, दुसऱ्यांदा परीक्षा द्यावी लागली, याची आपल्याला लाज वाटायला हवी होती. कर्तृत्व सिद्ध करूनही ज्याला दार पुन्हा ठोठावावं लागतं, त्याच्या जिद्दीवर भाषणं करणं सोपं आहे, दार उघडणं अवघड.

महाराष्ट्रात या क्षेत्रात कामाचा तुटवडा नाही. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं. ही मोठी कामं आहेत, आणि ती पाहून आपण निर्धास्त झालो : त्यांच्यासाठी संस्था आहेत ना! संस्था शिक्षण देईल, वसतिगृह देईल, कौशल्य देईल. शेजार मात्र शेजाऱ्यांनीच द्यायचा असतो. नसीमाताईंचं ‘चाकाची खुर्ची’ वाचून डोळे पुसणाऱ्या वाचकांच्या गावात वाचनालयाच्या दारात चाकाची खुर्ची पोचत नसेल, तर ते वाचन अपुरं राहिलं असं मी म्हणेन.

या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवर दोन ओळी वाढवा : सभागृहात उतार आहे का, स्वच्छतागृह वापरता येईल का, आणि काही सोय हवी असेल तर कोणत्या क्रमांकावर कळवायचं. सोय नसेल तर तसंही छापा; माणूस निदान फसत नाही. आणि वक्त्यांची यादी करताना अपंग व्यक्तीला फक्त अपंगत्वावर बोलायला बोलावू नका. तिला शेतीवर, संगीतावर, अर्थकारणावर बोलू द्या.

आसपासच्या गावांतून आलेल्या श्रोत्यांना आणखी एक सांगतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. १ मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते. ती तळमजल्यावर घ्यायला लावा, गावातल्या अपंग बंधू-भगिनींना स्वतः जाऊन घेऊन या, आणि त्या पाच टक्क्यांचा गेल्या वर्षीचा हिशोब त्यांना त्यांच्या तोंडून मागू द्या.