पोंग्यातली अळी आणि पट्ट्यावरचं नाव

(शहादा तालुक्यातील शेतकरी बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी ओळख करून देताना सांगितलं, ताई मक्यावरच्या किडीबद्दल मार्गदर्शन करतील. मार्गदर्शन कसलं? मक्याच्या पोंग्यात बोट घालून अळी काढणाऱ्या तुम्ही. मी जे शिकले ते तुमच्या बांधावर बसून. तेव्हा थोडं तुमचंच तुम्हाला सांगते, आणि मग एक भांडण मांडते.

खोडकिडा आपल्याकडे जुनाच. कणसात शिरणारी अळीही जुनी. पण २०१८ साली अमेरिका खंडातली लष्करी अळी आपल्या देशात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली आणि पुढच्या खरिपात राज्यभरच्या मक्यात पसरली. धडगाव-अक्कलकुव्याकडे मका म्हणजे रोजची भाकरी. तिथे अळीने पोंगा खाल्ला की घरातल्या टोपल्यातली भाकरीच खाल्ली.

ती ओळखायची कशी? डोक्यावर उलट्या इंग्रजी वायसारखी पांढुरकी खूण असते, आणि शेपटीकडे चार काळे ठिपके चौकोनात. पण अळी एवढी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आधी पानावर पांढरट, कागदासारखे पट्टे दिसतात. ते बाळअळ्यांनी खरवडलेलं असतं. मग पानाला ओळीने भोकं पडतात आणि पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा साचते. मोठी अळी पोंग्यात खोल बसते, वर विष्ठेचं बूच. तिथे निंबोळी अर्क पोचत नाही, आणि महागाचं औषधही नीट पोचत नाही.

म्हणून पेरणीनंतरचा पहिला महिना आपला. मादी पतंग एका ठिकाणी शंभर-दोनशे अंडी घालते आणि वर राखाडी लव पसरते. बुरशी आली असेल म्हणून आपण सोडून देतो. ती बुरशी नाही. तो पुंजका बोटाने चिरडला की शंभर अळ्या एका दमात गेल्या. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, म्हणून फेरी आठवड्यातून दोनदा तरी हवी.

पोंग्यात अळी दिसली तर कोरडी वाळू टाका. नऊ भाग वाळूत एक भाग चुनाही चालतो. फक्त चुना उघड्या हाताने घेऊ नका, आणि वारा असताना टाकू नका.

निंबोळीचं प्रमाण पुन्हा सांगते, कारण दर वेळी कुणीतरी अंदाजाने करते आणि मग म्हणते, गुण आला नाही. पाच किलो वाळलेल्या निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यातून पिळून गाळायची आणि एकूण पाणी शंभर लिटर करायचं. त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला, नाहीतर अर्क पानावर टिकत नाही. संध्याकाळी फवारा, धार थेट पोंग्यात. लहान अळीवर उपयोग होतो, मोठीवर फारसा नाही. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी वेचून सावलीत वाळवल्या असतील तरच हे जमतं.

मक्यात तूर, उडीद, चवळीच्या ओळी आपल्या आज्या घेत होत्याच. एकरी दहाएक पक्षीथांबे रोवा, पक्षी आपलं काम करतात. ट्रायकोग्रामाची कार्डं मिळाली तर लावा. ती माशी अंड्यातच अळीचा जीव घेते. मात्र शेजारी विषारी फवारणी चालू असेल तर माशीही मरते. म्हणून हे एकट्या घराचं काम नाही, सगळ्या शिवाराचं आहे.

हे सगळं करूनही एखाद्या वर्षी अळी जिंकते. मी खोटं सांगणार नाही.

आता शहराजवळच्या बायांसाठी मधुमका. तो कोवळा तोडून विकला जातो, लेकरं तसाच खातात. केसर फुटल्यावर विष फवारलं तर तोडणीला दिवस किती उरले? अमेरिकेतले काही सेंद्रिय शेतकरी केसर आल्यावर पाच-सहा दिवसांनी प्रत्येक कणसाच्या टोकावर तेलाचे थेंब सोडतात. अळी आत जात नाही. ऐकायला छान. पण प्रत्येक कणसावर? कोणाच्या हाताने?

इथे माझं भांडण सुरू होतं.

साठ बाय वीस सेंटिमीटरने लावला तर एकरात मक्याची तेहेतीस हजारांवर झाडं बसतात. दहातलं एक झाड किडलं तरी तीन हजारांवर पोंगे. एकेकाला अर्धा मिनिट धरा. सत्तावीस-अठ्ठावीस तास नुसतं वाकणं, आणि तेही एका फेरीचं. औषधाच्या बाटलीची पावती घरात जपून ठेवतात. ह्या तासांची पावती कुठे आहे? ‘सेंद्रियमुळे खर्च वाचला’ असं जेव्हा सभेत सांगतात, तेव्हा तो खर्च कोणाच्या कमरेतून वाचला ते विचारा.

म्हणून विषाकडे परत जा असं मी म्हणत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंपाला पाणी वाहून देणाऱ्या आणि फवारणीचे कपडे धुणाऱ्या आपणच. पण बिनविषारी शेती म्हणजे बाईची बिनपगारी शेती, हेही मला मान्य नाही.

मग करायचं काय? गटाच्या वहीत बचतीच्या पानामागे एक पान काढा. कोणी किती दिवस पोंगे तपासले ते लिहा, आणि मका विकल्यावर आधी ती मजुरी वजा करा. फेऱ्यांना पुरुषांनाही न्या. अळी वेचायला बायकांचीच बोटं लागतात असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? प्रशिक्षणाच्या यादीत नवऱ्याऐवजी आपलं नाव घाला.

आणि जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे लग्न झालेल्यांचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवला पाहिजे. कोणी मेहेरबानी करत नाही, कायदाच तसा आहे. मी पाहिलेल्या काही कागदांवर बायकोचं नाव नव्हतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं. सातबाराचं अवघड आहे. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेत बायकोचं नाव लागतं, पण त्यासाठी नवरा राजी हवा. शिवाय हिंदू वारसा कायदा आदिवासी बायांना आपोआप लागू नाही, त्यामुळे माहेरच्या जमिनीतही हात आखडता. याच शहाद्यात १९७० च्या दशकात बायांनी दारूची मडकी फोडली, तेव्हाही कुणाची परवानगी मागितली नव्हती.

बरं, बोलणं पुरे. जेवणाआधी बाहेरच्या पिंपात अर्क भिजवून ठेवू, उद्या सकाळी जाण्यापूर्वी गाळू. आणि ज्यांनी वनपट्ट्याचे कागद आणलेत त्यांनी जेवणानंतर इकडे बसा, एकेक वाचून पाहू.