विमानाचे तेल आणि दुचाकीचे पेट्रोल



कामगार चळवळीतल्या माणसाने विमानाविषयी बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु कर कोणी द्यावयाचा हा प्रश्न निघाला, की तो आमचाच प्रश्न होतो.

साधा हिशेब पाहू. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने मुंबई, पुणे व रायगड येथे विमानाच्या इंधनावरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. बंगळूर व गोवा ह्यांच्या बरोबरीला यावयाचे, हे कारण. पुढे जून २०२४ मध्ये मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथे पेट्रोलवरील कर उतरला, तो २६ वरून २५ वर. उरलेल्या राज्यात होता तेथवर. म्हणजे विमानाला सात टक्के, मुंबईच्या दुचाकीला एक, आणि वाळूजला पाळीवर जाणाऱ्या आमच्या कामगाराला शून्य!

परदेशी उड्डाणांची कथा जुनी आहे. १९४४ च्या शिकागो करारात ठरले, की विमानाच्या टाकीत आलेल्या तेलावर जकात घेऊ नये. पुढे देशादेशांतील करारांनी ही सवलत वाढतच गेली. धंदा पाळण्यात होता, तेव्हा दूध पाजले ते ठीक. पण पोर ऐंशी वर्षांचे झाले तरी वाटी सुटत नाही, ह्याला काय म्हणावे?

हे तेल एक किलो जळले, की तीन किलोंहून अधिक कार्बन वायू हवेत जातो. जगाच्या अशा वायूत विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के. थोडा वाटतो, पण जगातील बहुसंख्य माणसे वर्षभरात विमानाची पायरीही चढत नाहीत. दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. १९७२ कोण विसरेल? २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. हवा तापते आणि पाऊस आपले वेळापत्रक सोडतो, तेव्हा भोगतो तो कोरडवाहू शेतकरी आणि पत्र्याखाली राबणारा मजूर.

आता आमचेच सभासद विचारतील, चिकलठाण्याला सामान चढविणाऱ्याचे आणि वेरूळ-अजिंठा दाखविणाऱ्याचे पोट कसे चालावे? प्रश्न रास्त आहे. एकट्या राज्याने कर वाढविला, तर विमाने शेजारी टाक्या भरून येतील. म्हणून राज्याराज्यांची चढाओढ थांबवून देशभर एकच दर हवा; लहान शहरांच्या सेवेला सवलत राहावी; आणि येणारा पैसा एस.टी., रेल्वे व पाण्याच्या कामांवर खर्च व्हावा, तोही हिशेब जाहीर करून.

२०१८ मध्ये फ्रान्सात डिझेलवरील कर वाढू लागला, तेव्हा पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले. विमानाचे तेल करमुक्त आहे, हे त्यांना दिसत होते. हवामानाच्या नावाने पहिला हात गरिबाच्या खिशात गेला, तर गरीब त्या कामालाच वैरी मानू लागतो. सुरुवात वरून करा. मग आम्हीही आमचा वाटा मागे ठेवणार नाही.