औषधाचे माप आणि मायेचे माप
(ज्ञातिमंडळाच्या रेडी येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मुलांना घरी द्यावयाच्या औषधांविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली. मी डॉक्टर नव्हे. मुंबईतील एका दवाखान्याच्या खिडकीमागे उभे राहून औषधे मोजून देण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून रोगाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मापाविषयी थोडासा आहे. दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने प्रथम आपली चूक कबूल करावी हे उचित, म्हणून आरंभ माझ्याच घरापासून करतो.

काही वर्षांपूर्वीची चतुर्थी. मुंबईचे चाकरमानी आलेले, रेडीच्या आमच्या घरात लहानथोर मिळून बावीस माणसे, बाहेर पावसाची झड. माझ्या चार वर्षांच्या नातवास ताप भरला. त्याच्या आईने मुंबईहून आणलेल्या बाटलीतील एक माप त्यास पाजले व ती नैवेद्याच्या तयारीस लागली. तासाभराने आजीचा हात त्याच्या कपाळास लागला. तिने फडताळातील दुसरी बाटली काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वायच जास्त घाल, ताप बेगीन उतरतलो." दुपारी आरतीच्या गडबडीत काकाने सर्दीचे म्हणून तिसरेच औषध दिले. तिन्ही बाटल्यांची नावे निराळी, रंग निराळे; आतील मुख्य द्रव्य मात्र एकच, पॅरासिटामॉल. आणि ज्याने जन्मभर मापे मोजली तो मी ओसरीवर पाहुण्यांशी गप्पा मारीत बसलो होतो!

संध्याकाळी तिन्ही बाटल्या एका ओळीत दिसल्या तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली. मूल तर अंगणात खेळत होते. तरीही आम्ही त्यास रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले ते मी विसरणार नाही. या औषधाचा अतिरेक झाला तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही. यकृतास झालेली इजा एक-दोन दिवसांनी प्रकट होते. त्यावर उतारा आहे, परंतु तो पहिल्या आठ तासांत मिळाल्यास सर्वांत उपयोगी पडतो. दोन दिवस त्यास देखरेखीखाली ठेवले, रक्त तपासले, आणि ईश्वरकृपेने मूल सुखरूप घरी आले. तिघांपैकी कोणाचीही माया उणी नव्हती. एकमेकांस न विचारता प्रत्येकाने ती बाटलीतून ओतली, एवढाच दोष.

आता मापाकडे वळू. मुलाचे औषध वयावरून अंदाजाने नव्हे, वजनावरून ठरते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत साधारण सहा तासांचे अंतर असावे, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा देऊ नयेत. म्हणजे १२ किलोच्या मुलास एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. परंतु बाजारात हे औषध निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतात, दुसरीत तेवढ्याच मापात २५०. आणि तान्ह्यांसाठी थेंबांची जी इवलीशी बाटली येते तिच्यात एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. या थेंबांचे कोणी चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, पाजले तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेले! बाटली लहान म्हणून औषध सौम्य, ही समजूत किती घातक आहे ते यावरून दिसेल. घरातील चमचेही सारख्या मापाचे नसतात. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण किंवा पिचकारीच वापरावी.

दुसरी गोष्ट शांत निजलेल्या मुलाची. गिरणगावातील आपल्या जुन्या पिढ्यांना बाळगोळी ठाऊक होती. गिरणीत जाणारी आई तान्ह्यास ती चाटवीत असे; मूल रडत नसे, दिवसभर निजे. त्या गोळीत अफू असे. त्या माउलीस दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. तिच्या पोटाची आग मोठी होती. परंतु आज सुशिक्षित घरांतही प्रवासात मूल झोपावे म्हणून सर्दीचे गुंगी आणणारे औषध दिले जाते, ते पाहून मन विषण्ण होते. निजलेले मूल म्हणजे बरे झालेले मूल नव्हे.

खोकल्याच्या औषधाविषयी तर विशेष सावध राहिले पाहिजे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, आपल्या विदर्भाच्या सीमेलगत, साध्या सर्दीखोकल्याची मुले औषध पिऊन मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारार्थ नागपुरास आणले होते. वीसांहून अधिक बालके गेली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष शेकडा ४८.६ इतके निघाले. हे विष आपल्या राज्यासही अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली.

असले विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. छिंदवाड्याच्या मातांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच औषध पाजले होते. त्यांचा काय अपराध? ते रोखण्याचे काम कारखानदारांचे आणि शासनाचे, व त्याविषयी त्यांना जाब विचारलाच पाहिजे. आपल्या हाती एक गोष्ट आहे: गरज नसलेले औषध न देणे. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्यासर्दीची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळविले आहे. साधी सर्दी बहुधा आपोआप ओसरते. कोमट पाणी, पेज, विश्रांती, आणि एक वर्षावरील मुलास चमचाभर मध, एवढे पुष्कळ झाले. वर्षाच्या आतील बाळास मात्र मध चाटवू नये. औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या होऊ लागल्या किंवा ते सुस्त पडले, तर बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणखी काही सूचना थोडक्यात सांगतो. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी अर्धी करून मुलास देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून वर्ज्य आहे. जुलाबात मोठ्यांची जुलाब थांबविणारी गोळी न देता मीठसाखरेची पुडी वापरावी. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. मागच्या आजारातील उरलेले प्रतिजैविक पुन्हा काढू नये. पूजेचा कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नये. त्याचा खडा गिळल्यास झटके येतात. औषधास 'खाऊ' म्हणू नये, कारण खाऊ मूल शोधून काढते. चुकून अधिक गेल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ न दवडता १०८ क्रमांकास फोन करावा. तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला तर घरचे औषध नकोच. सरळ डॉक्टरांकडे न्यावे.

त्या चतुर्थीपासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. मूल आजारी पडले की औषध देणारा हात एकच ठरतो, बहुधा आईचा. फडताळाच्या दारास एक कागद लावतो. त्यावर औषधाचे नाव, माप व वेळ लिहिली जाते. आजीला माया करावयाची असेल तर ती तो कागद वाचते, आणि मग नातवास मांडीवर घेऊन थोपटते. मांडीला माप लागत नाही. ती कितीही द्यावी.

येत्या चतुर्थीस आपण सर्वांनी आपापल्या फडताळाच्या दारावर असा एक कागद लावावा, एवढीच आपणांस हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.