महाराणी चिमणाबाई: परिषदेच्या अध्यक्ष आणि घरातली आई

मोशीवरून बोलतेय. कुणी चाकणच्या कंपनी बसमध्ये असाल, कुणी शिफ्ट संपवून घरी निघाला असाल. इयरफोन नीट लावा, आज एका महाराणीची गोष्ट आहे.

१९१९ मध्ये लंडनच्या संसदेत लेडी ॲस्टर खासदार म्हणून जाऊन बसल्या. खानदानी घरातल्या बाईनं राजकारणात येणं तिकडेही तेव्हा नवीनच होतं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. माहेरच्या गजराबाई घाटगे, देवासच्या. १८८५ मध्ये सयाजीराव गायकवाडांशी लग्न झालं आणि पडद्यातलं आयुष्य सुरू झालं. पण बाई तिथेच थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी पडदा सोडला. १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक आलं, त्याच्या त्या सहलेखिका.

आता खरी गंमत ऐका. त्याच वर्षी त्यांच्या लेकीनं, इंदिराराजेंनी, ठरलेलं लग्न मोडलं. नवरा मुलगा कोण, तर ग्वाल्हेरचे शिंदे महाराज! त्यांची एक राणी आधीच होती. इंदिराराजेंनी थेट त्यांनाच पत्र लिहून नकार कळवला. त्यांचं मन कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र यांच्यावर होतं. आईवडिलांचा कडक विरोध. शेवटी १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न लागलं, पण आईवडील काही गेले नाहीत.

म्हणजे बघा, बाईच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारी आई, आणि स्वतःच्या लेकीची पसंती मात्र मान्य नाही. मग सगळं ढोंगच होतं का? मला तसं वाटत नाही. जगासाठी बोलणं सोपं असतं. तोच विचार आपल्या उंबऱ्याच्या आत आणताना मानपान आणि घराण्याची इभ्रत आडवी येते. आजही येतेच की!

आणि बाईंचं काम तिथे संपलं नाही. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात, आपल्या फर्ग्युसन कॉलेजात, अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मार्गारेट कझिन्स यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि अध्यक्ष होत्या चिमणाबाई. मुख्य विषय मुलींचं शिक्षण. पण शाळेत जायच्या वयात लग्न लागलं तर मुलगी शिकणार कधी? म्हणून परिषदेनं बालविवाहाविरुद्धही आवाज उठवला. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. आज ते १८ आहे.

इंदिराराजेंची मुलगी म्हणजे गायत्रीदेवी. १९६२ मध्ये जयपूरमधून प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून आल्या. आजी परिषदेच्या खुर्चीवर, नात थेट संसदेत!

तर मंडळी, एक काम करा. घरात ताईच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला, की आधी तिला विचारा, "तुला काय हवंय?" आणि ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. मधे तोंड घालू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सावकाश चालवा, हायवेला घाई नको!