“तुंबा काढायचा असतो का?”

(हंगामाच्या उपकारस्तुतीच्या भक्तीनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वेदीपुढे भाताची आणि कडधान्याची अर्पणे मांडली आहेत. ती ज्या टोपल्यांतून, सुपांतून आली, त्यांच्याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया घरात सामान मोजकेच असते. बांबूच्या टोपल्या, सूप, मुसळ, मातीची मडकी आणि खुंटीला टांगलेला तुंबा. भोपळा वाळवून, आतला गर काढून तो करतात. त्यात पाणी गार राहते. शेतावर आंबील न्यायची तीही त्यातूनच.

वसतिगृहातल्या मुलांना मी एकदा ‘माझे घर’ काढायला सांगितले. बहुतेकांनी दोन डोंगर, मध्ये सूर्य, कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड काढले. आमच्या रानात नारळ कुठला? तेवढ्यात एका मुलीने हळूच विचारले, “ताई, तुंबा काढायचा असतो का?” मी म्हटले, “काढ की.” तिने काढला. शेजारचा मुलगा वाकून म्हणाला, “आमच्या आजीच्या तुंब्याची मान वाकडी आहे.” मग त्यानेही काढला, वाकड्या मानेचा. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू त्या दिवशी मुलांनी नीट आठवून पाहिली.

पालघरकडच्या वारली घरांत हे फार पूर्वीपासून चालत आले आहे. लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. वारली चित्रांत कांडणारी बाई, तिचे मुसळ, डोक्यावरची घागर, बैल, झाड, सगळे एकाच पांढऱ्या रेषेत असते. माणसाला एक रेषा आणि घागरीला दुसरी, असे नसते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

युरोपातही असा एक चित्रकार होऊन गेला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८७९ मध्ये बेल्जियमच्या कोळसा खाणींत सुवार्तिक होता. खाणकामगारांचे जिणे चंद्रपूरकरांना वेगळे सांगायला नको. पुढे १८८८ साली त्याने आपली गवती बैठकीची साधी खुर्ची रंगवली. चित्रात माणूस नाही, पण बसणारा आता येईल असे वाटते.

आपल्या प्रभूनेही स्वर्गाच्या राज्याविषयी सांगताना दिवा, खमीर आणि हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणारी बाई यांचेच दाखले दिले.

मदतीचे आवाहन करताना रिकामे मडके दाखवले जाते. गरज खरीच आहे. औषध, शाळा, पाणी हवेच. पण घरात नाही काय, एवढेच सतत दाखवले, तर मूलही आपल्या घराकडे तसेच पाहू लागते आणि चित्रातून तुंबा गाळते.

म्हणून दोन विनंत्या. वसतिगृहासाठी वह्या पाठवाल तेव्हा सोबत कोरे कागद आणि रंगही पाठवा. आणि गावी भेटीला याल तेव्हा टोपली हातात घेऊन विचारा, ही कोणी विणली? विणणारी समोरच बसलेली असेल. तिला सांगू द्या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.