दिसलं म्हणजे ओळखलं नव्हे



माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. भात पोटरीला आलं की आमचे आजोबा रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला जात. बरोबर एक कंदील, एक काठी आणि रॉकेलचा रिकामा डबा. रानडुकरांची चाहूल लागली की डबा बडवायचा आणि मोठमोठ्यानं हाकारे घालायचे. डुकरं कधी दिसत नसत, फक्त भात मोडल्याचा आवाज येई. पुढे नोकरीनिमित्त मी अमेरिकेत, टेक्सास राज्यात गेलो. कारखान्यांतल्या भट्ट्यांचं तापमान दुरून मोजणाऱ्या यंत्रांवर आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर तिथल्याच हिल कंट्री नावाच्या खडकाळ, डोंगराळ मुलखात लहानसं घर घेतलं आणि तिथे मला रानडुकरं पुन्हा भेटली. आज बोलणार आहे ते त्यांच्याविषयी आणि रात्री त्यांना पाहणाऱ्या दुर्बिणीविषयी.

टेक्सासमधली ही डुकरं मूळची तिथली नव्हेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत पाळीव डुकरं आणली. त्यांतली काही सुटली, काही सोडली गेली. १९३०च्या दशकात हौशी शिकाऱ्यांनी युरोपातली रानडुकरं आणून सोडली आणि दोन्ही रक्तं मिसळली. आज त्या एका राज्यात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. मादी जेमतेम चार महिन्यांत विते. एका रात्रीत कळप शेत असं उकरतो की सकाळी कुणी वेडावाकडा नांगर फिरवल्यासारखं दिसतं. त्यामुळे तिथला कायदा डुकरांच्या बाबतीत फार सैल आहे. जमीनमालकाची परवानगी असेल तर खासगी जमिनीवर रात्रीही त्यांची शिकार करता येते. २०११ साली हेलिकॉप्टरमधून शिकारीला मोकळीक मिळाली आणि २०१९पासून जमीनमालकाच्या परवानगीनं खासगी जमिनीवर डुकरं मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. हरणांना मात्र रात्री हात लावता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

माझ्या शेजारच्या गृहस्थांकडे दोनशेच्या आसपास शेळ्या आणि थोडं ओटचं शेत आहे. वय सत्तरीच्या पुढे. डुकरं ओट खातात आणि कायोटी करडं नेतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा प्राणी. शेळ्यांच्या राखणीला तिकडे ग्रेट पिरनीज जातीचे मोठे पांढरे कुत्रे ठेवतात. ते कळपातच वाढतात आणि कळपातच झोपतात. शेजाऱ्यांकडे अशी एक नऊ वर्षांची कुत्री होती.

एका हिवाळ्यात त्यांनी रायफलवर बसणारी थर्मल दुर्बीण विकत घेतली, त्यातल्या त्यात स्वस्तातली. एका पहाटे त्यांना कुरणाच्या टोकाला, अडीचशे मीटरवर, करडांकडे सरकणारा एक पांढरा ठिपका दिसला. त्यांना वाटलं कायोटीच. त्यांनी गोळी झाडली. उजाडल्यावर जाऊन पाहिलं, तर ती त्यांचीच कुत्री होती.

त्यानंतर दोन महिने ती रायफल कपाटातून बाहेर निघाली नाही. करडं मात्र जातच होती. मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हातात दुर्बिणींची जाहिरातपत्रकं होती. म्हणाले, ‘तुम्ही जन्मभर उष्णता मोजलीत. सगळ्यांत लांबचं दाखवणारी दुर्बीण कोणती, तेवढं सांगा. पैशाचा विचार करू नका.’

मी म्हटलं, ‘तुमचा प्रश्नच चुकतोय. लांबचं दिसलं म्हणूनच तर ते घडलं.’ बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘मग नीट समजावून सांगा.’ त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला. पारा चढला. तो अदृश्य प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. ऊब असलेली प्रत्येक वस्तू हे किरण टाकत असते. तुम्ही, मी, शेळी, तापलेला दगडसुद्धा. थर्मल दुर्बीण फक्त ही ऊब पाहते. तिला चंद्र लागत नाही, चांदणं लागत नाही. पण ती रंग पाहत नाही, पट्टे पाहत नाही, डोळ्यांतली चमकही पाहत नाही. कुत्री पांढरीशुभ्र होती, पण दुर्बिणीला तिचा पांढरेपणा ठाऊकच नव्हता. पडद्यावर कायोटीही पांढराच दिसतो, कारण पांढरा म्हणजे तिथे गरम.

हे किरण साध्या काचेतून जात नाहीत. गाडीची काच वर करून थर्मल दुर्बिणीतून बाहेर पाहिलं तर बाहेरचं काहीच दिसत नाही, नुसती काच दिसते. म्हणून तिचं भिंग जर्मेनियम या धातूसारख्या चकचकीत पदार्थाचं करतात. तो महाग असतो आणि भिंग जितकं मोठं तितकी किंमत चढत जाते. भिंगामागे उष्णता टिपणाऱ्या बारीक चौकोनांची जाळी असते. जाहिरातीत २५६, ३८४, ६४० असे आकडे दिसतात, ते त्या जाळीतल्या एका ओळीतल्या चौकोनांचे.

आता शेजाऱ्यांच्या दुर्बिणीचा हिशेब पाहा. तिच्या जाळीत एका ओळीला २५६ चौकोन, प्रत्येक चौकोन १२ मायक्रॉनचा आणि भिंग १९ मिलिमीटरचं. त्रैराशिक मांडलं तर अडीचशे मीटरवर एका चौकोनात सुमारे सोळा सेंटिमीटर मावतात. म्हणजे ती मोठी कुत्री पडद्यावर लांबीला सहा आणि उंचीला चार चौकोनांत बसली होती. कायोटी असता तर पाच आणि तीन. सहा बाय चार चौकोनांत देवसुद्धा कुत्रा आणि कायोटी वेगळे काढू शकणार नाही. त्यावर झूम वाढवलं तर तेच चौकोन मोठे होतात, नवीन काही दिसत नाही.

आणि त्या दुर्बिणीच्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘पल्ला एक हजार मीटर.’ ते खोटंही नव्हतं. १९५८ साली अमेरिकेच्या सैन्यासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी याची मोजपट्टी घालून दिली. काहीतरी आहे एवढं कळायला दोन चौकोन पुरतात. तो प्राणी आहे की माणूस हे कळायला आठेक लागतात आणि नेमका कोण हे ठरवायला बारा-तेरा. हेही प्राण्याच्या लहान बाजूवर मोजायचे. खोक्यावरचा पल्ला पहिल्या पायरीचा असतो आणि चाप ओढायचा असतो तिसऱ्या पायरीवर. या दोन पायऱ्यांच्या मधल्या अंतरात त्यांची कुत्री गेली.

हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे ६४०ची घेऊ?’

इथे पुष्कळ जण फसतात. चौकोन तेवढेच आणि भिंगही तेवढंच असेल, तर ३८४ आणि ६४० या दोन्हींत डुक्कर सारख्याच चौकोनांचं दिसतं. ६४०मध्ये फक्त मैदान जास्त रुंद दिसतं. ३५ मिलिमीटरच्या भिंगातून शंभर मीटरवर पहिल्या दुर्बिणीत सुमारे तेरा मीटर रुंदीचा पट्टा दिसेल, तर दुसरीत बावीस. ओळख पटवायची असेल तर भिंग मोठं हवं, नाहीतर अंतर कमी हवं. अंतर कमी करायला पैसे पडत नाहीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. तापमानातला किती बारीक फरक टिपला जातो, तो आकडा मिलिकेल्विनमध्ये देतात. पन्नास म्हणजे अंशाचा विसावा भाग, पंचवीस म्हणजे चाळिसावा. आकडा जितका लहान तितकं चांगलं. टेक्सासच्या उन्हाळ्यात रात्रीही जमीन तापलेली असते आणि हवा दमट असते. अशा वेळी डुक्कर आणि दगड यांतला फरक याच आकड्यावर निघतो. चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलणारं घ्यावं. नऊ वेळा बदलणाऱ्यात पळणारं जनावर धक्के खात पुढे सरकतं. मधूनमधून दुर्बीण ‘टिक’ करते आणि चित्र क्षणभर थिजतं. यंत्र स्वतःला जुळवून घेत असतं; तो बिघाड नव्हे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जोडीला दुसरी हवी. रायफलचा धक्का सोसणारी बैठक हवी. आणि नेम जुळवताना कागदाचं लक्ष्य चालत नाही, कारण कागद आजूबाजूच्या हवेइतकाच गार असतो. थंडीत हात शेकायला मिळतात तसली एक गरम पुडी लक्ष्यावर चिकटवली की काम होतं.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच होती. मी विचारलं, ‘तुम्ही कुरण न्याहाळता कशातून?’ म्हणाले, ‘रायफलवरच्याच दुर्बिणीतून.’ म्हणजे शेळी, कुत्रा, रात्री कुंपण दुरुस्त करणारा गडी, जे जे पाहायचं त्या सगळ्यावर भरलेली बंदूक रोखायची! मी म्हटलं, ‘काका, पैसे खर्चायचेच असतील तर ते हातातल्या दुर्बिणीवर खर्चा.’ इंग्रजीत ‘काका’ म्हणायची सोय नाही, पण माझ्या मनात तोच शब्द होता.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. न्याहाळायला ६४०ची हातातली दुर्बीण. रायफलवर ३८४ची, ३५ मिलिमीटर भिंगाची, मधल्या किमतीची. मग एका रविवारी दिवसाउजेडी आम्ही दोघं टेप घेऊन कुरणात फिरलो आणि त्यांच्या बसायच्या जागेपासून एकशेवीस मीटरवर लोखंडी खांब रोवले. तिथे एका चौकोनात चार सेंटिमीटर मावतात. कुत्रा उंचीला सतरा चौकोनांचा दिसतो. खांबांच्या पलीकडे काहीही दिसो, बोट चापाला लावायचं नाही, हा त्यांचा नियम. खांब गार असले की पडद्यावर नीट दिसत नाहीत, म्हणून सूर्य मावळताना त्यांच्या जागा मनात पक्क्या करायच्या. गोळी चुकली तर मागे टेकडी येईल अशीच जागा निवडली, कारण मागची गार भिंत किंवा तारेचं कुंपण ही दुर्बीण धड दाखवत नाही.

महिन्याभरानं त्यांनी मला एका रात्री सोबत बोलावलं. अकराच्या सुमारास ओटच्या कडेला सात-आठ आकार आले. ठेंगणे, फुगीर, लांब तोंडाचे. मी कुजबुजलो, ‘डुकरं!’ त्यांनी रायफल उचलली नाही. हातातल्या दुर्बिणीतून पाहत राहिले. आकार चरत चरत खांबांच्या आत आले, नव्वद मीटरवर. मग त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. ‘शेपटी दिसते का?’ मी पाहिलं. एकालाही शेपटी नव्हती.

ती हावेलिना होती. दिसायला डुकरासारखी, पण डुक्कर नव्हे. अमेरिकेतलाच तो मूळचा प्राणी. तिथल्या कायद्यानं हरणासारखीच त्याचीही रात्री शिकार करता येत नाही. आम्ही पाऊण तास त्यांना पाहत बसलो. नंतर म्हातारबुवा एवढंच म्हणाले, ‘त्या रात्री मी असा पाऊण तास बसायला हवं होतं.’

परवा गावाहून भाच्याचा फोन आला. भातात पुन्हा डुकरं शिरू लागली आहेत. ‘मामा, तसली एक दुर्बीण येताना घेऊन या की!’ मला नाही म्हणावं लागलं. बंदुकीवरची अशी दुर्बीण अमेरिकेतून सरकारी परवानगीशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे. आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही. पण मी त्याला एवढं सांगितलं की नुकसान झालं तर पंचनामा करून घे, भरपाईचा अर्ज वेळेत दे आणि राखणीला जाशील तेव्हा अंधारात हललेल्या प्रत्येक गोष्टीला डुक्कर समजू नकोस. शिकारीला गेलेल्या माणसांना डुक्कर समजून गोळी लागल्याच्या बातम्या आपल्याही वर्तमानपत्रांत येतातच.

आजोबांच्या डब्यानं कधी कुणाचा जीव गेला नाही. अंधारात ते फक्त आवाज करत आणि वाट पाहत. नव्या यंत्रानं आपल्याला अंधारात पाहायला शिकवलं, ही मोठीच गोष्ट आहे. वाट पाहायची ती आपणच.

शेजाऱ्यांकडे आता नवं पिल्लू आलं आहे. तेही पांढरंच. त्याच्या गळ्यात त्यांनी एक घंटा बांधली आहे.