बाबा, बीपीची गोळी बंद का केली?

बीपी म्हटलं की आपल्याला वाटतं, हा आई-बाबांचा विषय. (तसं नाहीये, पंचविशीतही निघतं. पण आज आधी त्यांचंच बोलू.)

बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?" पटतं पण ते. ताप उतरला की तापाची गोळी बंद करतोच ना आपण! फक्त इथे एक गडबड आहे. बीपी नॉर्मल आलंय तेच मुळी गोळीमुळे. ती थांबवली की बहुतेकांचं बीपी हळूहळू परत चढतं, आणि चढलेलं कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस मजेत असतो. आत मात्र हृदय, मेंदू, किडनी, डोळे यांच्या रक्तवाहिन्या ताण सोसत असतात. काही जणांना पहिली खबर लागते ती थेट लकव्यानेच.

मग गोळी कधीच कमी होत नाही का? होते की. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डॉक्टर डोस कमी करू शकतात. पण ते त्यांनी ठरवायचं, रीडिंग बघून.

आणि रीडिंग घेताना आपण काय करतो? जिना चढून आलेल्या बाबांना बसवतो, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो, वर गप्पा मारतो. मग आकडा वाढलेलाच दिसणार! आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा जास्त येत असेल तर ते हाय बीपी धरतात. घरच्या मशीनवर ही रेघ 135/85.

मिठाचंही सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे एक छोटा चमचासुद्धा पूर्ण नाही, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स सगळं आलं. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, त्यातही सोडियमच असतं. अजून एक: गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरनेही बीपी वाढू शकतं. बाबा त्या घेतायत का, विचारा.

आकडा 180/120 च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात गळून गेलाय, तर थांबून पुन्हा मोजत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.

आणि हो, मशीन काढलंच आहे तर तुमचंही मोजा. किती आलं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!